पंचांनी निवडलेली मासळी

धक्क्यावर त्यांना सगळे पंच म्हणत. खरं नाव बंदराच्या हजेरीबुकात असेल, पण ते शोधायला कोणी गेलं नाही. एकेचाळीस वर्षं त्यांनी बोटींवरून उतरणारी मासळी पारखली. चांगली टोपली उजवीकडे, मध्यम डावीकडे, आणि माणसानं खाऊ नये अशी खताच्या पिंपात. बोटवाला कितीही तोंडाळ असो, पंचांनी टोपली डावीकडे सरकवली की तो दोन मिनिटं तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा आणि बोट धुवायला निघून जायचा. त्यांच्या शब्दावर पुढे शब्द नव्हता, म्हणून पंच.

या पंचांचं नाक गेल्या थंडीत गेलं. आठ दिवस ताप होता. नवव्या दिवशी तो उतरला, त्यांनी चहाचा कप तोंडाशी नेला, तर नुसतं गरम गोड पाणी. आधी वाटलं सर्दी असेल, मग वाटलं चहापत्ती जुनी झाली. त्यांनी कांदा चिरून पाहिला, फिनाइलची बाटली उघडून पाहिली आणि शेवटी स्वतःचे धक्क्यावरचे रबरी बूट नाकाला लावले. हे बूट त्यांच्या बायकोनं हयातभर उंबऱ्याच्या आत येऊ दिले नव्हते. पण काही म्हणजे काही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, सहा महिने वाट बघा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे घरात ओळखणारं कोणी नव्हतं, आणि पंचांनी बाहेर कोणाला कळू दिलं नाही.

का नाही सांगितलं, असं आपण इथे बसून आरामात विचारू शकतो. निवृत्तीला पाच महिने उरले होते. गवंड्याचा हात मोडला तर लोक फळं घेऊन भेटायला येतात. पारख्याचं नाक गेलं तर लोक हसतील, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं, आणि त्या डोक्यानं एकदा घेतलं की ते काढायला पहार लागायची. शिवाय येणारच आहे परत, मग कशाला गावभर करा.

त्या पाच महिन्यांत त्यांना तारलं ते शिकाऊनं. शिकाऊ म्हणजे त्यांच्या हाताखालचा दुसरा पारखी. वय अठ्ठावन्न, डोक्यावर एक काळा केस शिल्लक नाही, पण तिसाव्या वर्षी कामाला लागला तेव्हा पंचांनी त्याला शिकाऊ म्हटलं आणि ते त्याला जे चिकटलं ते चिकटलंच. अठ्ठावीस वर्षं पंचांनी त्याला चारचौघांत टोमणे मारले. आता मात्र ते त्याच्या समोर उभे राहू लागले. मासळीचा डोळा स्वच्छ आहे का, कल्ले लाल आहेत का, बोटानं दाबलेलं मांस परत वर येतं का, हे त्यांना स्वतःला कळत होतं. उरलेलं ते शिकाऊच्या चेहऱ्यावरून घेत. वास बरा नसला की त्याची डावी भुवई किंचित खाली यायची. तेवढी खूण पंचांना पुरत होती. ते टोपली डावीकडे सरकवत, आणि त्यांच्या हातून एकही चूक न होता ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी लोकांनी जी भाषणं केली त्यांत नाकाचा उल्लेख सतरा वेळा आला.

मग लेकीनं हॉटेल काढलं.

ती बारा वर्षं दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत राबली होती. आता नवऱ्याच्या साथीनं तिनं धक्क्यामागच्या रस्त्यावरचं जाळी विणायचं जुनं गोदाम घेतलं, भिंती पांढऱ्या केल्या, दहा टेबलं मांडली. कडेवर तान्ही मुलगी आणि दुसऱ्या हातात सुताराची यादी, असा तिचा उन्हाळा गेला. गोठवलेलं काही वापरायचं नाही, लांबून आलेलं काही घ्यायचं नाही, सकाळी धक्क्यावर उतरलं तेच संध्याकाळी ताटात, हा तिचा हेका. आणि दाराशेजारच्या फळ्यावर जावयानं सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'इथली मासळी रोज पंच निवडतात.'

"हे कशाला लिहिलंत?" पंच म्हणाले होते.

"बाबा, लोक त्यासाठीच येणार आहेत," लेक म्हणाली. "माझ्या हाताला कोण ओळखतं अजून?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाही नाही सांगितलं. लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे काही मागितलं होतं आणि ते द्यायला आपल्यापाशी नाही, हे त्यांच्या जिभेवर येईना. शिकाऊ धक्क्यावर असतोच की, असा त्यांनी हिशेब मांडला.

उद्घाटनाच्या दिवशी शिकाऊ धक्क्यावर नव्हता. त्याची दाढ रात्रभर ठणकली होती आणि तो पहाटेच दाताच्या डॉक्टरकडे जाऊन बसला होता. पंच दोन फेऱ्या मारून आले, त्याची वाट पाहिली, मग एकटेच टोपल्यांपुढे उभे राहिले. एका बोटीनं चार टोपल्या तांबोशी आणली होती, लाल अंगाची, हातभर लांब, चमकदार डोळ्यांची. कल्ले उघडून पाहिले तर रक्तासारखे लाल. बोट दाबलं तर मांस लगेच वर आलं. इतका देखणा माल त्यांनी वर्षभरात पाहिला नव्हता. रात्री त्या बोटीच्या पोटात डिझेलचा डबा कलंडला होता. बोटवाल्यानं वरचा बर्फ फेकून नवा टाकला होता आणि तोंड मिटून घेतलं होतं. डिझेल प्यायलेला मासा दिसायला राजबिंडा असतो आणि हाताला टणक लागतो. तो पकडायला फक्त नाक लागतं. पंचांनी चारही टोपल्या घेतल्या.

नव्या स्वयंपाकघरात लेकीनं पहिला मासा फाडला आणि ती थबकली. खिडकीबाहेर जनरेटर धडधडत होता, कारण विजेची मोठी जोडणी अजून मिळाली नव्हती. दारांना कालच रंग दिला होता. सकाळपासून तिच्या केसांना, ॲप्रनला, चहालासुद्धा डिझेलचा वास येत होता. तिनं माशाचा तुकडा हातात घेतला आणि बापापुढे धरला.

"बाबा, याला वास येतोय का हो?"

पंचांनी मान खाली घातली. एकेचाळीस वर्षं घ्यायचे तसा हळू, लांब श्वास घेतला. "नाही," ते म्हणाले.

"मला मघापासून सगळ्यालाच येतोय. जनरेटरनं नाकाचं वाटोळं केलंय." ती हसली आणि पुढच्या माशाला लागली. दुपारी तिनं भाजलेला एक तुकडा चाखला, तेव्हाही तिच्या घशाशी काहीतरी आलं. पण बाबा नाही म्हणाले होते. लहानपणापासून घरात त्या एका शब्दानं मासे शिजले होते किंवा फेकले गेले होते. तिनं वर लोणी आणि लिंबू थोडं जास्त घातलं.

संध्याकाळी सातला दहाच्या दहा टेबलं भरली. पहिलं ताट धक्क्यावरच्या माणसांना आणि मग बाकीच्यांना, असं लेकीनं ठरवलं होतं. ज्यांनी मासळी उतरवली त्यांनी आधी जेवायचं. त्यामुळे खिडकीजवळच्या टेबलावर चौघं बसले. पंच, गाल सुजलेला शिकाऊ, लिलाव पुकारणाऱ्या बाई आणि बर्फाच्या कारखान्याचा मुकादम. चौघांनीही धुतलेले कपडे घातले होते आणि चौघंही त्यात अवघडले होते. बाईंचा आवाज लिलावात अर्ध्या बंदराला ऐकू जायचा. त्या आज कुजबुजत होत्या, कारण टेबलावर कापडी रुमाल होते.

भाजलेली तांबोशी आली. कातडी कुरकुरीत, वर लोण्यात परतलेली हिरवी पानं, बाजूला बटाटे आणि पाव. पंचांनी पहिला घास घेतला. गेले नऊ महिने त्यांच्या जिभेला खारट, आंबट, गोड आणि गरम एवढंच कळत होतं. हे खारट होतं, आंबट होतं आणि गरम होतं.

"छान झालंय," ते म्हणाले.

"हो, छान," बाई म्हणाल्या.

पंचांचा हात जरा थांबला. बाई जन्मात कोणाशी पहिल्या फटक्यात सहमत झाल्या नव्हत्या. मुकादमानं तिसरा पेला पाणी रिचवलं. ही माणसं जेवायला बसली की माशाच्या डोक्यावरून भांडायची, काट्यांचे ढीग करायची, बोटींच्या चहाड्या करायची. आज चमचे वाजत होते, बाकी कोणी बोलत नव्हतं. शिकाऊ मोठमोठे तुकडे न चावता गिळत होता. दाढ काढलीय म्हणून असेल, असं पंचांनी स्वतःला सांगितलं. मग त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

डावी भुवई खाली आली होती.

पंचांनी चमचा ताटात ठेवला आणि हळूच विचारलं, "कसला आहे?"

"काय कसला?" शिकाऊ म्हणाला.

"वास कसला येतोय ते सांग."

शिकाऊनं बाईंकडे पाहिलं, बाईंनी रुमालाकडे पाहिलं. "डिझेल," तो म्हणाला.

"खूप?"

"जाऊ द्या ना पंच."

"खूप का, विचारतोय."

"घशापर्यंत," बाई म्हणाल्या.

पंचांनी तिघांची ताटं पाहिली. तिन्ही अर्ध्याहून जास्त संपली होती. "मग खाताय कशाला?"

मुकादमानं मान खाजवली. "तुम्ही निवडलेला मासा. आणि तुम्ही स्वतः मजेत खाताय. आम्हाला वाटलं, बाहेरच्या जनरेटरचा असेल, आपलंच काहीतरी चुकत असेल."

"मला तसं नाही वाटलं," शिकाऊ म्हणाला. सुजलेल्या गालामुळे तो तोंडाच्या एका बाजूनं बोलत होता. "मला थंडीपासून ठाऊक आहे. तुम्ही माझ्याकडे बघून टोपल्या सरकवायचात. म्हणून मी घाई करायचो नाही. तुम्हाला नीट दिसावं म्हणून थांबायचो जरा."

अठ्ठावीस वर्षं ज्याला चारचौघांत गाढव म्हटलं त्या माणसानं हे पाच महिने केलं होतं, आणि कोणाजवळ एक शब्द काढला नव्हता. पंचांना त्याच्याकडे बघवेना. पण लाजत बसायला वेळ नव्हता. स्वयंपाकघराचं दार ढकलून वाढणाऱ्या दोघीजणी बाहेर येत होत्या, प्रत्येकीच्या हातावर चार ताटं. बाकीच्या नऊ टेबलांकडे निघालेली आठ ताटं, आणि त्यांच्यामागे आणखी.

पंच उठले. गुडघा टेबलाला लागला, पाण्याचा पेला कलंडला. ते तसेच जाऊन दारात आडवे उभे राहिले.

"हे आत न्या," ते म्हणाले.

"पण काका, ताटं..."

"आत न्या, पोरींनो. एकही टेबलावर ठेवायचं नाही."

आत लेक शेगडीपाशी होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले, चेहऱ्यावर थकवा आणि आनंद. ताटं परत आलेली पाहून तिचा चेहरा उतरला.

"मासा खराब आहे," पंच म्हणाले. "डिझेल लागलंय सगळ्या तांबोशीला."

ती बघत राहिली. "सकाळी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही वास घेतलात. माझ्यासमोर घेतलात."

"मला वास येत नाही," पंच म्हणाले. "गेल्या थंडीपासून. अजिबात."

शेगडीवरचं लोणी करपायला लागलं होतं. वाढणाऱ्यांपैकी एकीनं पुढे होऊन गॅस बंद केला. लेक ओरडली असती तर पंचांना बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात बोलली.

"मला आला होता वास, बाबा. दोनदा आला. मी माझ्या नाकाला खोटं ठरवलं, तुम्ही नाही म्हणालात म्हणून. बारा वर्षं मी हेच काम केलं आणि आज पहिल्या दिवशी मी स्वतःवर विश्वास नाही ठेवला."

"तुझं बरोबर होतं."

"ते आता सांगताय."

पंच वळले आणि बाहेर गेले. जावई गल्ल्यापाशी गोंधळून उभा होता, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. टेबलांच्या मधोमध उभे राहून त्यांनी घसा साफ केला. लोक गप्प झाले. काहीजण कौतुकानं बघत होते, त्यांना वाटलं, पंच आता दोन शब्द बोलणार.

"दारावर लिहिलंय, मासळी मी निवडतो," ते म्हणाले. "आजची मीच निवडली. ती वाईट निघाली. मला नऊ महिने वास येत नाही आणि ते मी माझ्या मुलीपासून लपवलं. तिनं सकाळीच ओळखलं होतं, मी तिला खोटं सांगितलं. चूक माझी आहे, तिची नाही. ती आता काय देईल ते तिनं स्वतः पारखलेलं असेल. थांबायचं असेल त्यांनी थांबा."

दोन टेबलं उठून गेली. बाकीची बसली, काही दयेनं, काही पुढे काय होतं ते बघायला. बाई उठल्या आणि आपल्या नेहमीच्या, अर्ध्या बंदराच्या आवाजात जावयाला म्हणाल्या, "पाव आण रे सगळ्यांना, लोकं काय रुमाल खातील?" तेवढ्यावर थोडं हसू फुटलं. शिकाऊनं काही न बोलता बाहेर जाऊन जनरेटर खिडकीपासून लांब ओढला.

पंच परत आत आले. लेक मागच्या थंड खोलीत होती. सकाळच्या बाकी सगळ्या टोपल्या तिनं जमिनीवर मांडल्या होत्या आणि ती गुडघ्यांवर बसून एकेक मासा नाकाशी नेत होती. सगळा माल त्यांनीच निवडलेला, म्हणजे आता एकाही टोपलीची खात्री नव्हती. कोळंबी तिनं पुढे सरकवली. शिंपल्यांत हात घालून ओंजळभर वर काढले, हुंगले, पुढे सरकवले. बांगडे मात्र तिनं एकेक करून तपासले, सगळे, आणि तेही पुढे सरकवले.

"हे चांगलं आहे," ती म्हणाली. कोणाला उद्देशून ते कळत नव्हतं.

पंच एका उलट्या खोक्यावर बसले. त्यांना उठून जायचं होतं आणि जाववतही नव्हतं. लेक माकुळाच्या टोपलीकडे वळली, एक उचललं आणि हात तसाच हवेत ठेवून थांबली.

"म्हणजे बाळ झालं तेव्हाही," ती म्हणाली.

पंचांनी वर पाहिलं.

"दवाखान्यात तुम्ही तिच्या टाळूला नाक लावून किती वेळ उभे होतात. सगळे हसायला लागले. मी म्हटलं, पुरे आता, द्या इकडे. तुम्ही म्हणालात, थांब, वास घेऊ दे."

"हो."

"आणि येत नव्हता."

"नव्हता," पंच म्हणाले. "म्हणूनच इतका वेळ उभा होतो. वाटलं, तिचा तरी येईल."

लेकीनं माकूळ टोपलीत ठेवलं. ॲप्रनला हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. बाहेर आठ टेबलं ताटांची वाट बघत होती. ती उठली आणि त्यांच्याशेजारी, त्या अरुंद खोक्यावर, जेमतेम मावेल तेवढ्या जागेत बसली.